कालची सुई

"त्या सुईला हात लावू नकोस." रविकांत इतक्या जोरात खेकसले, की विमान धरून बसलेल्या नीलांबरीबाई दचकल्या. लागला नाही हो, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

बेलापूरच्या वाटेवरचा माळ, पौषातली थंडी, दोन म्हातारी माणसं आणि दोन हात लांब पंखांचं एक खेळण्यातलं विमान. बघणाऱ्याला हसूच आलं असतं. पण विमान सुहासचं होतं, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं. सुप्याच्या कारखान्यातून दर रविवारी तो श्रीरामपूरला यायचा आणि चहाही न घेता बापाला घेऊन माळ गाठायचा. दोघं परतले की अंगाला विमानाच्या इंधनातल्या एरंडेलाचा वास. "आधी साबणानं हात, मगच स्वयंपाकघर," हा नीलांबरीबाईंचा दंडक. गेल्या मे महिन्यात त्यानं हे विमान उडवलं आणि दुसऱ्याच दिवशी नगर रस्त्यावर ट्रकनं घात केला. इंजिनात इंधन किती जायचं हे ठरवणारी ती बारीक सुई त्यानं शेवटची फिरवली, तशीच होती. रविकांत धूळसुद्धा तेवढी जागा सोडून पुसायचे.

आज त्याचा वाढदिवस. अंगणात इंजिन लावलं की होणाऱ्या त्या आवाजाच्या नावानं जन्मभर बोटं मोडणाऱ्या नीलांबरीबाईंनीच हट्ट धरला होता, की आज तो आवाज ऐकायचाच.

रविकांतांनी विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवला. इंजिन पेटलं, चिरक्या आवाजात किंचाळलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर हात लाववेना इतकं तापलं. त्यांना कळत होतं सगळं. सुई उन्हाळ्यातली, हवा थंडीची. इंजिनाला इंधन पुरत नव्हतं. असंच रेटलं तर जळून जाणार. सुई थोडी उघडली की झालं. पण मग पोराच्या बोटांची खूण गेली ती कायमची. ते मटकन मातीत बसले आणि घरी जाऊ म्हणाले.

नीलांबरीबाई मात्र उठल्या नाहीत.

"अहो, तोच म्हणायचा ना तुम्हाला, बाबा, कालची सुई आज चालत नाही म्हणून? मला आत स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं."

रविकांतांना रडू फुटलं. रडतारडताच त्यांनी सुई उघडली.

पुन्हा पंखा फिरवला, तसं इंजिन सुरू झालं. आवाज घोगरा होता. कान देऊन ते सुई कणाकणानं आवळत गेले, तसा तो स्वच्छ, एकसुरी झाला. पांढरा धूर निघाला. विमान ओढ घेत होतं. सोडू का, असं नीलांबरीबाईंनी नजरेनंच विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. टाकी संपेपर्यंत त्या विमान छातीशी धरल्यासारखं घट्ट धरून बसल्या.

दुपारी रविकांत हात न धुताच ताटावर बसले. नीलांबरीबाईंनी पाहिलं, आणि आपल्या तसल्याच एरंडेलाच्या हातांनी त्यांना भाकरी वाढली.