दुसऱ्या पानावरचे नाव

"माझी बायको गेलीय हो," मृत्यूनोंदणीच्या कचेरीत शेजारच्या खिडकीवरचे आजोबा म्हणाले. "हे तर पुरुषाचं नाव आहे."

तिथल्या कारकुनाने पडद्यावरचे मृताचे नाव मोठ्याने वाचले आणि ती दचकली. नाव तिच्या वडिलांचे होते. त्यांच्याच मृत्यूची नोंद करायला ती या खिडकीवर उभी होती, आणि इथेही तेच नाव होते, बिनचूक.

तिच्या खिडकीवरचा कारकून ओशाळला. नोंदणीची ही सगळी संगणक यंत्रणा तिच्या वडिलांनीच, याच कचेरीत नोकरी करता करता, पन्नाशीनंतर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून उभी केली होती. सगळे त्यांना मास्तर म्हणत. असे आधीही दोनदा झाले होते, कारकून म्हणाला. मास्तर महिनाभर चूक शोधत होते, शेवटपर्यंत हाती लागली नाही.

ती स्वतः सॉफ्टवेअरच्याच धंद्यातली. तिने कोड दाखवायला सांगितला.

बाबांच्या खुर्चीत बसवेना, म्हणून तिने उभ्यानेच फाइल उघडली. अर्जाचे पहिले पान भरले की सर्व्हर दुसऱ्या पानाकडे धाडतो, पण नाव आपसूक सोबत जात नाही. ते ज्याच्या त्याच्या सेशनमध्ये, म्हणजे प्रत्येक खिडकीच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवावे लागते. इथे ते ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, सगळ्यांच्या एकाच सामाईक कप्प्यात, होते. दोन्ही खिडक्यांवर एकदम बटण दाबले, की मागून आलेले नाव दोघांनाही दिसणार. नवशिक्याची चूक. महिनाभरात बाबांना ही दिसू नये?

वरच्याच ओळीत त्यांची टीप होती : 'हे लेकीने सांगितले आहे. इथे चूक शोधू नये.'

तिने टीप पुन्हा वाचली.

तीन वर्षांपूर्वीचा फोन. दुसऱ्या पानाकडे रिडायरेक्ट केल्यावर नाव हरवतंय, पुढे न्यायचं कसं, असे ते विचारत होते. तिला मीटिंगला उशीर होत होता. "ग्लोबलमध्ये टाका हो बाबा. एकच तर खिडकी आहे तुमची."

दुसरी खिडकी सुरू झाल्याचे त्यांनी कधीतरी सांगितलेही असेल.

"सापडली?" कारकुनाने चाचरत विचारले. "मास्तरांचीच ना?"

"नाही. माझी."

चार ओळी बदलायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मग तिने दोन्ही खिडक्यांवर मुद्दाम एकाच वेळी बटण दाबायला लावले.

आजोबांनी पडद्याजवळ वाकून नाव वाचले. "हो," ते हलकेच म्हणाले. "हीच."

इकडे तिचा कारकून विचारत होता, ताई, नाव बरोबर आहे ना. मान हलवायला तिला वेळ लागला.