खिडकीबाहेरचा कॅन

मित्रांनो, मी एक जुना कॅन आहे. गोड्या तेलाचा, पाच लिटरचा. पण आज तुम्ही मला पाहिलेत तर ओळखणार नाही. माझे पोट कमरेपाशी कापलेले आहे, बुडाला भोके आहेत, धरायचा कान तुटला आहे आणि डोक्यावर टोपण नाही. उन्हाने अंग इतके ठिसूळ झाले आहे की कोणी जोरात धरले तर तुकडाच हातात येईल. तरी माझी गोष्ट तुम्ही ऐकावी असे मला वाटते. ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिकची नळी साच्यात धरली, तिच्यात हवा फुंकली आणि एका दमात मी तयार झालो. लाडाकोडाचे आमच्यात काही नसते. अंगात तेल भरले, छातीवर चकचकीत कागद चिकटवला आणि मला एका वसतिगृहाच्या भटारखान्यात पाठवून दिले. तेथे माझा केवढा तोरा! ओट्याशेजारी मानाची जागा, दिवसभर माझ्या कानाला हात. पण तेल आठवडाभरच पुरले. रिकामा झालो तसे मला मागच्या दारच्या ढिगात फेकले. काल डोळ्यात तेल घालून माझ्यावर लक्ष ठेवणारी माणसे आज माझ्याकडे ढुंकून पाहीनात.

त्या ढिगातून मला उचलले ते तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी. बाई ठेंगण्या होत्या आणि त्यांच्या मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते. त्यांनी माझ्या छातीवरचा कागद सोलून काढला, मला दिव्यासमोर धरले आणि आपल्याशीच म्हणाल्या, "हा चालेल. उजेड येतो यातून." त्याआधी माझ्यातून काही येते असे मला कोणी सांगितले नव्हते. मी त्याच क्षणी त्यांचा झालो.

बाईंचे घर हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या त्या डोंगरी गावात, तळमजल्यावर होते. दोन खोल्या, मागे चिंचोळे अंगण आणि मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर दगडी कट्टा. घरात बाई आणि त्यांचे यजमान. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. यजमानांनी सारी नोकरी कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात काढली होती. गल्लीत त्यांना सगळे 'बॉयलरसाहेब' म्हणत, थोडे मानाने आणि बरेचसे चेष्टेने. ऊब हे त्यांचे एकच औषध होते. सर्दी झाली, शेगडी लावा. गुडघा दुखला, शेगडी लावा. मन उदास आहे, तरी शेगडीच. माणूस प्रेमळ होता, पण त्याचे प्रेम बॉयलरच्या काट्यासारखे वर वरच चढत असे.

पहिल्या हिवाळ्यात बाईंनी मला अंगणात बसून सुरीने कापले. कानाजवळ चार बोटे जागा न कापता ठेवली, म्हणजे वरचा भाग झाकणासारखा उघडावा. तापल्या खिळ्याने बुडाला भोके पाडली. तळाशी ओली माती भरली, तिच्यावर काळे, बारीक बी भुरभुरले आणि खाकी चिकटपट्टीने माझी कंबर पुन्हा बंद केली. टोपण मात्र काढून घेतले आणि एका पत्र्याच्या डब्यात टाकले. असे आम्ही सात-आठ कॅन होतो. बाकीचे भिंतीपाशी रांगेत बसले, मला खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर जागा मिळाली. आभाळ भरून आले होते. बर्फ पडणार हे उघड दिसत होते.

"अगं, या थंडीत बी पेरतं का कुणी?" साहेब दारातून म्हणाले. "वेड लागलंय तुला."

"लागू दे. याला थंडीच लागते. बाहेर कुडकुडल्याशिवाय हे बी जागं होत नाही."

"आणि टोपण कशाला काढलंस? बर्फ आत जाईल."

"जायलाच हवा. तेच तर त्याचं पाणी."

"मी असतो तर मेलो असतो."

"तुम्ही बी नाही, बॉयलर आहात," बाई म्हणाल्या आणि दोघेही हसले.

मित्रांनो, पहिला हिवाळा मला फार जड गेला. रात्री माती दगडासारखी गोठे, दुपारी थोडी सैल होई, पुन्हा गोठे. माझ्या उघड्या तोंडातून बर्फ आत पडे. मला वाटे, बाई विसरल्या मला. पण ऊन तापू लागले तशी एके सकाळी माझ्या पोटात हिरवे ठिपके दिसले. मग बाई रोज दुपारी चिकटपट्टी सोडून माझे झाकण उघडत, रोपांना वारा देत आणि संध्याकाळी पुन्हा मिटत. रोपे जोमदार झाली तशी त्यांनी ती भिंतीपाशी जमिनीत लावली. उन्हाळ्यात अंगणाची भिंत निळ्या फुलांनी भरली. त्या फुलांचे खरे नाव बाईंनाही ठाऊक नव्हते. त्या त्यांना नुसते 'निळी' म्हणत. ती फुले गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नव्हती. येणारेजाणारे थांबून पाहत आणि बाई कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवत. असे कित्येक हिवाळे गेले. फुले सुकली की बाई बी गोळा करत आणि पुढच्या हिवाळ्यासाठी जपून ठेवत.

मग बाईंनी अंथरूण धरले. आजार छातीचा होता आणि तो बरा होणारा नव्हता. हे घरात सगळ्यांना माहीत होते, पण बोलत कोणीच नव्हते. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्या कशाबशा अंगणात येऊन बसल्या आणि त्यांनी पेरणी केली. दर दोन कॅनांनंतर दम खायला थांबत होत्या. जवळचे सगळे बी त्यांनी आमच्यात टाकले.

"सगळं टाकतेस?" साहेबांनी विचारले. "थोडं मागे ठेव की."

"कुणासाठी ठेवू? पुढच्या वर्षी कोण पेरणार आहे?"

साहेब आत गेले आणि त्यांनी शेगडी वाढवली.

म्हणजे त्या निळीचे उरलेसुरले सारे बी आमच्या पोटात होते. ते गेले असते तर निळी कायमची गेली असती. मला माझ्या अंगातली माती एवढी जड कधी वाटली नव्हती.

बाईंची खाट खिडकीला लागूनच होती. काचेच्या आत त्या आणि बाहेर मी, मध्ये वीतभर अंतर. थंडी वाढली तसे साहेबांनी पेरणीतून उरलेली तीच खाकी चिकटपट्टी आणली आणि खिडकीच्या साऱ्या फटी बंद केल्या. कडेने, वरून, खालून. हात कारागिराचा, त्यामुळे काम अगदी चोख झाले. शेगडी दिवसरात्र जळू लागली. काचेवर आतून वाफ धरायची आणि बाई बोटाने ती पुसून बाहेर पाहायच्या.

"अहो, खिडकी उघडा ना जराशी," एकदा त्या म्हणाल्या. "कोंडल्यासारखं होतंय."

"थंडी बाधेल तुला. जरा बरी हो, मग उघडू."

"बोटभरच."

"हट्ट करू नकोस. डॉक्टर काय म्हणाले? थंडीपासून जपा."

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारले. त्यानंतर आणखी एकदा, पण तेव्हा आवाज इतका बारीक होता की काचेतून मला नीट ऐकूही आला नाही. साहेबांनी त्यांच्या अंगावर आणखी एक पांघरूण घातले. सगळे काही ते प्रेमानेच करत होते. रात्र रात्र जागत होते, पाय चेपत होते, घोट घोट पाणी पाजत होते. फक्त खिडकी उघडत नव्हते. एके सकाळी काचेवरची वाफ पुसायला बोट आले नाही. बाई त्या बंद खोलीतच गेल्या.

चार दिवस माणसे आली आणि गेली. मुलगी आली, राहिली, रडून परत गेली. मग एका दुपारी जोराचा बर्फ पडू लागला आणि साहेब दारात येऊन उभे राहिले. भिंतीपाशी आमची रांग अर्धी बर्फात बुडाली होती. त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"अरेरे, कुडकुडताय रे सगळे," ते पुटपुटले. "तिचं एवढंच तर राहिलंय."

त्यांनी एकेक कॅन उचलून आत नेला. शेवटी माझ्यापाशी आले. पण माझे बूड कट्ट्याला गोठून चिकटले होते. त्यांनी ओढले, हिसडे दिले आणि माझा कान कट्कन तुटून त्यांच्या हातात राहिला. ते क्षणभर त्या कानाकडे पाहत राहिले. मग "राहू दे," म्हणाले आणि आत गेले.

मित्रांनो, तेव्हा मला किती वाईट वाटले ते कसे सांगू? काचेतून मला सारे दिसत होते. माझे भाऊबंद शेगडीभोवती बसले होते. साहेबांनी पत्र्याचा डबा शोधून प्रत्येकाच्या डोक्यावर टोपण घट्ट लावले. मी मात्र तुटका कान घेऊन बाहेर. त्यांचा हेवा वाटून माझा जीव जळत होता.

बी बाहेर पुरेसे कुडकुडून झाले होते, त्यामुळे थोड्याच दिवसांत आत हिरवे कोंब आले. साहेबांना आकाश ठेंगणे झाले. त्यांनी मुलीला फोन लावला. "अगं, आईचं बी उगवलं बघ. सगळ्या डब्यांत. ऊब दिली ना मी." फोन ठेवून किती तरी वेळ ते कॅनांसमोर जमिनीवर बसून होते. बाई गेल्यापासून मी त्यांना प्रथमच जेवणाचे ताट संपवताना पाहिले.

पण रोपे भराभर उंच झाली, दोऱ्यासारखी बारीक आणि फिकट. हिवाळ्याच्या मिणमिणत्या उजेडाकडे माना लांबवता लांबवता ती आडवी पडू लागली. साहेब घाबरले. त्यांनी पाणी वाढवले. शेगडी आणखी जवळ सरकवली. रोपांच्या बुडाशी पांढरी बुरशी धरली आणि एकामागून एक कॅन काळा पडत गेला. त्या खोलीत त्यांनी दुसऱ्यांदा जीव तोडून सेवा केली आणि दुसऱ्यांदा हात रिकामे राहिले. माझा हेवा कधीच विरून गेला होता. मला आता त्यांच्याकडे पाहवत नव्हते.

मुलगी भेटायला आली तेव्हा साहेब अंगणात कॅन रिकामे करत होते. ओल्या मातीचा कुबट वास सुटला होता.

"बाबा, आई हे डबे कधी आत आणायची का?"

"नाही."

"आणि टोपणं?"

"काढून ठेवायची. सांगायची मला, याला थंडीच लागते म्हणून. मी हसण्यावारी न्यायचो." त्यांनी हातातला कॅन खाली ठेवला. "खिडकी उघडा म्हणायची, तेही ऐकलं नाही मी. तिला काय हवंय ते तिच्यापेक्षा मलाच जास्त कळत होतं ना."

मुलीने बापाच्या खांद्यावरची माती झटकली. मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. "हा एक राहिलाय की बाहेर."

"राहू दे त्याला. तू हात लावू नकोस. मी तर नाहीच लावणार. माझ्या हाताला यश नाही."

आणि त्यांनी खरोखरच मला हात लावला नाही. मी बर्फ प्यालो, गोठलो, सैल झालो, पुन्हा गोठलो. बाईंनी ठरवले होते तसेच सारे झाले. ऊन तापू लागले आणि माझ्या पोटात हिरवे ठिपके उठले. दाट, बुटके, घट्ट. मी आनंदाने फुटायचा बाकी होतो.

पण मित्रांनो, खरा घोर पुढेच होता. माझी कंबर चिकटपट्टीने बंद, बाहेर रोजचे कडक ऊन आणि माझ्या तोंडाच्या एवढ्याशा भोकातून कितीसा वारा येणार? दुपारी मी आतून भट्टीसारखा तापे. बाई असत्या तर झाकण केव्हाच उघडले असते. साहेब काचेपलीकडे खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत. कधी उठून अंगणात येत, हात पुढे करत आणि चटका बसल्यासारखा मागे घेत. आधी माझ्या अंगाला टेकलेली पाने करपली. मग कडेची रोपे माना टाकू लागली. मला ओरडावेसे वाटे, पण कॅनाला कसला आवाज?

एका दुपारी मधली रोपेही कलली. साहेब खिडकीशी आले. माझ्या अंगावर आतून वाफ धरली होती, थेंब ओघळत होते. ते त्या वाफेकडे पाहत राहिले. त्यांनी ती आधीही पाहिली होती, याच खिडकीच्या काचेवर. मग त्यांनी खिडकीच्या कडेची चिकटपट्टी नखाने उचकली आणि फर्रकन ओढली. वरची, बाजूची, खालची. इतक्या महिन्यांनी ती खिडकी करकरत उघडली आणि खोलीतली कोंडलेली हवा माझ्या अंगावरून बाहेर गेली.

मग त्यांनी बाईंची सुरी आणली. ती त्यांनी माझ्या कमरेला लावली आणि थांबले.

"उघडू का?" त्यांनी विचारले.

साऱ्या जन्मात त्यांनी कोणाला असे काही विचारले नसेल, आणि विचारले ते एका तेलाच्या कॅनाला. ते थोडा वेळ वाट पाहत उभे राहिले. मग त्यांनी पट्टी कापली आणि झाकण वर केले. वारा आत आला. बरीचशी रोपे तोवर मेली होती. मधली मूठभर मात्र संध्याकाळपर्यंत हळूहळू ताठ झाली. साहेब अंधार पडेपर्यंत खिडकीत कोपर टेकून त्यांच्याकडे पाहत होते आणि रडत होते.

त्या उन्हाळ्यात भिंतीपाशी निळी फुलली, पण एका कोपऱ्यापुरतीच. साहेबांनी तिचे बी धरले. आता हिवाळ्यात ते स्वतः पेरतात आणि टोपणे काढून ठेवतात. बर्फ पडताना त्यांचा जीव खालीवर होतो, पण ते कॅन आत आणत नाहीत. खिडकी रोज उघडतात आणि कानटोपी घालून तिथे बसतात. त्यांना थंडी सोसत नाही, खोकला येतो, तरी बसतात. मुलगी रागावते. तिलाही ते खिडकी बंद करू देत नाहीत.

माझे काम आता संपले. मातीचा भार मला पेलत नाही, म्हणून मी कट्ट्यावर नुसताच पडून असतो. पडल्या पडल्या तुम्हांला एवढेच सांगावेसे वाटते. मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याची काळजी जरूर घ्या. पण त्याला काय हवे आहे ते एकदा त्यालाच विचारा आणि तो सांगेल ते ऐका. मी पडलो कॅन. मला विचारले, तरी सांगता आले नाही. बाईंना बोलता येत होते, आणि त्यांनी सांगितले होते.