मागचा काटा

आमच्या नियंत्रण कक्षात काही न घडणं हेच आमचं काम. संगणक पाणी सोडतो, संगणक पाणी थांबवतो आणि आम्ही पाच माणसं आठ तास पडद्यांकडे बघत बसतो. अणुभट्टी चालवतो असं सांगितलं की पाहुणे डोळे मोठे करतात, पण खरं तर डुलकी न लागणं यातच आमचं निम्मं कौशल्य खर्ची पडतं.

मी शिफ्टचा प्रमुख. डेस्कवर बसणारा ऑपरेटर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. ड्युटीवर मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला साहेब म्हणायचा. घरी मी अहो-जाहो करायचो, तो दादा म्हणायचा. त्या सोमवारी चौकशी समिती त्याचा परवाना ठेवायचा की काढून घ्यायचा ते ठरवणार होती. परवाना गेला की डेस्क गेलं, आणि या माणसाला दुसरं काही येत नव्हतं.

प्रकरण साधं होतं. पंपाला पाणी पुरवणाऱ्या टाकीची पातळी पडद्यावर दिसते. तीच पातळी पॅनलच्या मागच्या बाजूला एका जुन्या काट्यावरही दिसते. त्या काट्याचा संगणकाशी काही संबंध नाही. दर तासाला उठायचं, बेचाळीस पावलं चालून तो काटा बघायचा आणि नोंदवहीत ‘प्रत्यक्ष पाहून’ या रकान्यात आकडा लिहायचा, असा नियम आहे. घटना घडली त्या दुपारी पडद्यावरचा आकडा बासष्टवर अडकला. टाकी रिकामी होत गेली आणि संगणक आपला खुशाल. वहीत बासष्ट, बासष्ट, बासष्ट. पंप कोरडा फिरून जळाला, भट्टी आपोआप बंद पडली. कोणाला इजा झाली नाही, पण केंद्र दोन महिने बंद राहिलं.

आता जे सांगतो ते मी समितीला सांगितलं नाही.

तो डेस्कवर नवीन आला तेव्हा दर तासाला इमानेइतबारे उठायचा. मागे जाऊन, काट्यासमोर बोट धरून, आकडा मोठ्याने वाचायचा. मीच त्याला तसं शिकवलं होतं. पण पडदा आणि काटा वर्षानुवर्षं एकच आकडा सांगत होते आणि आम्हाला कंटाळा आला होता. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणालो, “आला बघा आमचा फेरीवाला. अरे, आकडा समोर दिसतोय की, कशाला चपला झिजवतोस?” सगळे हसले. तोही हसला. त्याचं नावच पडलं फेरीवाला. तो उठला की कोणीतरी विचारायचं, “आज भाजी काय आणलीस?” महिनाभरात त्याचं उठणं बंद झालं. मी मनात म्हटलं, रुळला बिचारा.

समितीच्या खोलीत आम्ही शेजारी बसलो होतो. अध्यक्षबाईंनी त्याला विचारलं, “मागे का जात नव्हता?”

“आळस केला, मॅडम,” तो म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही यांना काटा बघायला शिकवलं होतं?”

“शिकवलं होतं.”

“मग हे का जात नव्हते?”

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. मी घाबरलो, दुसरं काही नाही. म्हणालो, “मला कल्पना नाही.”

अहवालात ‘मानवी चूक’ असं छापून आलं. मानव एकच धरला होता.

परवाना गेल्यावर तीन आठवड्यांनी धीर करून बहिणीकडे गेलो. तो केंद्राच्याच गोदामात सामान मोजायच्या कामाला लागला होता. बहिणीने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, “दादा, हे सांगत होते, तू खूप प्रयत्न केलेस. तू होतास म्हणून निदान नोकरी तरी राहिली.” मी त्याच्याकडे बघितलं. तो लेकीच्या वहीला कव्हर घालत होता. बाई गं, तसं काही नाही, एवढं म्हणायला काय लागतं? तेवढंही माझ्याने झालं नाही.

तो मला फाटकापर्यंत सोडायला आला.

“दादा, मागे जातात का हो आता?”

“नवीन नियम निघालाय. काट्याशेजारी एक बटण बसवलंय. दर तासाला जाऊन ते दाबायचं, म्हणजे माणूस गेला होता याची संगणकात नोंद होते. सगळे जातात. तुमच्या जागी माणूस मिळेपर्यंत डेस्कवर मीच बसतो, मीही जातो.”

“चांगलं झालं,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “आज किती होता काटा?”

मी आठवू लागलो. सकाळपासून आठ वेळा मागे गेलो होतो, आठ वेळा बटण दाबलं होतं. बटण हिरवं आहे, जरा घट्ट आहे, अंगठ्याने दाबावं लागतं. काटा कुठे होता ते मला काही केल्या आठवेना.

“बासष्ट,” मी म्हणालो.