अलायच्या कपारीतली हाडाची आरी

मी हाडाची आरी बोलतेय, कातडं टोचायची. त्याआधी मी अलाय पर्वताच्या कड्यांवर चढणाऱ्या एका रानबोकडाच्या पायाची नळी होते. बोकड मेला तेव्हा मला काही वाटलं नाही. हाडाला वाटत नसतं.

उंचावरच्या कपारीत राहणाऱ्या एका बाईनं मला दगडानं फोडलं. आतला गर पोरांना चोखायला दिला आणि एक ढलपी खडकावर घासून अणकुचीदार केली. मला वापरून तिनं कातडी शिवली. एकदा मी चुलीपाशी पडले. तिनं राख उपसून पाहिली, मी सापडले नाही. पुढं ती माणसंही तिथून निघून गेली.

मग माझ्यावर माती साचली, त्यावर मेंढ्यांच्या लेंड्या. पाच हजार वर्षं तेच.

अलीकडच्या मेंढ्या उल्कानच्या. साठीची विधवा. दर उन्हाळ्यात कळप वर आणायची आणि हवा बिघडली की कपारीत शिरायची. एका वर्षी तिच्याआधी जिपार आली, शहरातून उत्खननाला. तिनं दोऱ्या बांधून चौकोन आखले, जमीन उकरली. कुंचल्यानं माझ्यावरची माती झटकत होती, मी अर्धी उघडी पडले होते, आणि भर जूनच्या दुपारी बर्फ सुरू झालं.

उल्कान कळपासह दारात उभी राहिली.

"एजे, आत नका आणू," जिपार तिला म्हणाली. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. "खालचा थर उघडा आहे."

"बाहेर बर्फ आहे. यांची लोकर परवाच उतरवलीय. नागड्या आहेत बिचाऱ्या."

"दोन तास द्या. मोजमापं तरी घेते."

"ते बर्फाला सांग."

"एकदा तुडवलं की संपलं, एजे. पुन्हा आखता येत नाही."

उल्कान कळपाकडे वळली. मग शांतपणे म्हणाली, "बरं. कुठल्या मरू द्यायच्या ते तूच दाखव, पोरी. मी वेगळ्या काढते."

जिपारनं मेंढ्यांकडे पाहिलं. त्या कुडकुडत एकमेकींत डोकी खुपसत होत्या. तिनं हातातला कुंचला खाली ठेवला आणि फळ्या, सतरंज्या, तंबूचं कापड, मिळेल ते खड्ड्यावर टाकायला लागली. उल्कानही फळ्या ओढू लागली. माझ्या कोपऱ्याला फळी पुरली नाही. एका मेंढीचा खूर पडला आणि मी मधोमध मोडले.

दुसऱ्या दिवशी उन्हात जिपार माझे दोन तुकडे तळहातावर घेऊन बसली होती. उल्काननं त्यातला एक उचलला, अंगठ्यावर टोक लावून पाहिलं.

"बाईनं घासलीय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"पुरुष एवढा वेळ एका जागी बसतो होय?" जिपार हसली. मग उल्कान म्हणाली, "माझ्या मेंढ्यांनी मोडली. तसं लिही."

आता मी संग्रहालयाच्या खणात कापसावर असते. चिठ्ठीवर जिपारचं अक्षर आहे: 'मोड ताजी. मेंढ्यांना मी आत घेतलं.' त्या एका ओळीपायी तिला वरिष्ठांची बोलणी खावी लागली आणि पुढच्या वर्षी कपारीची परवानगी मिळाली नाही. तिनं चिठ्ठी मात्र बदलली नाही.

हल्ली इथले लोक मला चिकटवायचं म्हणतात. नका चिकटवू. त्या दुपारी एकही मेंढी मेली नाही, आणि ते माझ्या या मोडीखेरीज कुठं नोंदलेलं नाही.