दोन्ही लागले

मोतीरामचा जेवढा जीव त्याच्या जुन्या फियाटवर होता, तेवढा त्याने माणसांवर कधी दाखवला नाही. सातपूरच्या कारखान्यात जन्मभर विजेच्या मोटारींचं वायंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारा गुंडाळायचं काम केलेला माणूस. आपल्या गाडीला गॅरेजवाल्याचा हात लागू द्यायचा नाही, ही त्याची घमेंड. रोज निघण्याआधी बायको भागुबाई गाडीमागे जाऊन उभी राहायची. हा ब्रेक दाबायचा, ती ओरडायची, "दोन्ही लागले." मग गाडी हलायची. गल्ली हसायची, पण असं तपासून निघणारा अख्ख्या नाशकात दुसरा दाखवा, असं हा छाती काढून सांगायचा.

म्हणून तर आरोहीचा अपघात झाला तेव्हा त्याला स्वतःची शंकासुद्धा आली नाही. अनोळखी पोरगी, नुकतीच कामाला लागलेली. त्र्यंबक रोडवर कुत्रं आडवं आलं, मोतीरामने ब्रेक मारला आणि मागून तिची स्कूटी येऊन धडकली. दवाखान्यात ती शुद्धीवर होती. गाडीचे लाल दिवे लागलेच नाहीत, असं पुन्हा पुन्हा सांगत होती. मोतीराम फळं घेऊन भेटायला गेला, तेव्हा तिच्या बापाने, सोमनाथने, त्याला बाहेर नेऊन विचारलं, "काका, खरं सांगा. दिवे लागत व्हते का?"

"माझी बायको रोज मागं उभी राहून बघती," मोतीराम म्हणाला. "त्या दिवशीबी बघितलं. पोरीचं लक्ष मोबाईलमधी असंल."

दुसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन पोरगी गेली. मागून धडकणाऱ्याचीच चूक, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पोलिसांनी गाडी सोडली आणि ती चेपलेल्या डिकीसकट दारात येऊन उभी राहिली.

आठवडाभर मोतीरामने तिच्याकडे पाहिलं नाही. मग एका सकाळी उठला आणि पान्हे घेऊन बसला. डाव्या दिव्याची काच फुटली होती, ती बदलायची, एवढंच त्याच्या मनात होतं. पण ब्रेक दाबला तर उजवाही लागेना. धक्क्याने वायर तुटली असेल, म्हणत त्याने डिकीचा पत्रा उघडला. दोन्ही दिव्यांना जाणारी वायर जोडापाशी तुटली होती खरी, पण तुटलेल्या टोकाचं तांबं हिरवंगार पडलं होतं. तांबं आठ-पंधरा दिवसांत हिरवं पडत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तरी आधीपासून खराब असेल आणि तुटली त्याच दिवशी असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ती काही नीट पटली नाही.

त्याने जोड कापून नवा केला. होल्डर घासायला दोन्ही बल्ब काढून ठेवले. मग डोकं ठिकाणावर नसल्यासारखा तसाच सीटवर जाऊन बसला आणि सवयीने हाक मारली, "अगं, बघ गं." भागुबाई भिंतीला हात लावत मागे गेली. त्याने ब्रेक दाबला.

"दोन्ही लागले," ती म्हणाली.

दोन्ही बल्ब त्याच्या शेजारी सीटवर पडले होते.

तो उतरून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काय दिसतं तुला?"

भागुबाई रडली नाही. "तुम्ही दिसता. तोंड दिसत नाय," ती म्हणाली. "साखर डोळ्यांत उतरलीय. ब्रेकचा आवाज आला की मी म्हणायचे."

"मला का नाय सांगितलं?"

"तुमच्या आत्याचं, लंकाबाईंचं बघितलं ना पिंपळगावला? दिसंना झालं तर सुनांनी हातातली पळी काढून घेतली न् खाटेवर बसवून ठेवलं. मला तसं बसायचं नव्हतं."

तिच्यावर हात उगारावा, असं त्याला एक क्षण वाटलं. पण ज्या बाईशी तो चाळीस वर्षं राहत होता, तिला आपला चेहरा दिसत नाही हे त्याला कळलं नव्हतं. रोज 'दोन्ही लागले' ऐकून तो खूश होत होता. राग कुणावर काढायचा?

गाडी तिथेच सोडून दोघं रिक्षाने सोमनाथच्या घरी गेली. "तू गप बस. मी बघितलं नाय, एवढंच सांगतो," मोतीरामने वाटेत बजावलं.

सोमनाथ दारातच बसला होता. मोतीराम उभ्यानेच म्हणाला, "दिवे बंद व्हते. पोरीची चूक नव्हती. चूक माझी."

"त्यांची नाय, बाबा," भागुबाई मधेच बोलली. "मला दिसत नाय. मी नुसतं म्हणायचे."

सोमनाथ ओरडला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मोतीरामला बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी दवाखान्यातून तुम्ही गेलात न् मी आत गेलो," सोमनाथ जमिनीकडे बघत म्हणाला. "ती परत तेच सांगाया लागली. मला लय राग आला. म्हातारा माणूस कशाला खोटं बोलंल? मी म्हणलं, खोटंच बोलायचं आसंल तर माझ्याशी बोलूच नको."

त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग ती नायच बोलली. तोंड फिरवून पडली."

आतून त्याच्या बायकोने विचारलं, कोण आलंय. सोमनाथ उठायला गेला आणि परत खाली बसला.