दोरा तोडणारा दात

मी दात बोलतोय. वरच्या रांगेतला, मधोमध, उजवीकडचा. ज्याच्या टोकाला बारीकशी खाच आहे ना, तोच मी. शेजारचा माझ्याच जोडीने उगवला, माझ्याइतकाच वाढला, पण तो गुळगुळीतच राहिला. त्याला विचाराल तर तो म्हणेल, सगळं छान चाललंय. त्याचं काय जातंय! जीव टांगणीला लागला होता तो माझा.

मला फार दिसत नाही. तोंड उघडलं की जेवढा उजेड आत येतो तेवढंच. ऐकू मात्र सगळं येतं, आणि शेजारी जीभ असल्यावर बातम्यांना तोटा नसतो.

मी उगवलो तेव्हा माझी मालकीण फ्रॉक घालून फिरत होती. दुधाचा दात पडलेल्या जागी ती सारखं बोट घालून चाचपायची. एक दिवस तिला माझी धार लागली आणि ती घरभर ओरडत सुटली, "आला, आला!" तिच्या आईने हनुवटी वर करून मला पाहिलं आणि म्हणाली, "हा आता आयुष्यभराचा हं. याच्यामागे दुसरा येणार नाही." मालकीण हे विसरली. मी कसा विसरेन?

शिवण ती आत्याकडे शिकली. आत्याचं दुकान म्हणजे एक लांब टेबल, दोन मशिनं आणि जिकडेतिकडे कापडाचे ढीग. आत्या टाका घालायची, गाठ मारायची आणि मान खाली घालून दोरा दाताने तोडायची. का, तर एका हातात कापड, दुसऱ्या हातात सुई, आणि कात्री नेहमी कुठल्यातरी ढिगाखाली. पोरीने तुरपाई शिकताना तेही शिकून घेतलं. आत्याने ते शिकवलं नव्हतं आणि पोरीलाही आपण शिकलो हे कळलं नव्हतं. मला तेवढं कळलं, कारण दोरा माझ्यावर आला.

पुढे तिचं स्वतःचं दुकान झालं. कोट, झगे, पँट, पडदे, जे येईल ते ती शिवते. गिऱ्हाइकं तिला 'मास्तर' म्हणतात. कात्री सापडत नाही म्हणून रोज आरडाओरडा व्हायचा, तेव्हा वैतागून नवऱ्याने एक छोटी कात्री फितीला बांधून तिच्या गळ्यातच अडकवली. "आता तरी सापडेल ना?" म्हणाला. सापडते की. गळ्यात लटकत असते बिचारी. आणि दोरा? दोरा माझ्याकडेच येतो. कट्. सुती, रेशमी, जाड, मेण लावलेला, सगळे दोरे एकाच जागेवरून गेले आणि त्या जागी खाच पडली. मला त्या खाचेचं वाईट वाटत नव्हतं हो. काम करणाऱ्याच्या अंगावर कामाची खूण राहायचीच.

पण एकदा आरशासमोर कोट घालून बघणारी एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अय्या मास्तर, तुमचा दात तुटलाय की काय?" तिच्या मनात काही नव्हतं. ती कोट घेऊन गेलीही. पण त्या दिवसापासून हात आला.

हात म्हणजे मालकिणीचा उजवा हात. ती हसली की हात तोंडावर, बोलली की हात तोंडावर. कुणी फोटो काढायला उभं केलं की हात नाहीतर घट्ट मिटलेले ओठ. मी उजेडाला मुकलो. मोकळा श्वास फक्त दोरा तोडताना, तेवढ्यापुरता. त्या हाताचा मला मनापासून राग होता, आजही थोडा आहे.

हे असंच चालून गेलं असतं. पण शिवणशाळेतून बोलावणं आलं. मुलींना हाताची शिवण शिकवायची. मालकीण हरखून गेली. तिला शिकवायची हौस फार. शाळेच्या मुख्य बाईंनी म्हटलं, आधी एक तास घेऊन बघा. तिने घेतला. आणि काय सांगू, पार फजिती झाली! तुरपाई दाखवायला दोन हात लागतात. हिचा एक हात तोंडावर. सुई एका हातात, कापड टेबलावरून घसरतंय आणि बोलणं बोटांच्या आडून. मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही."

घरी येऊन तिने पिशवी खुर्चीवर टाकली. "मला नाही जमायचं," एवढंच म्हणाली. मुख्य बाईंनी सांगितलं होतं, सत्र सुरू व्हायच्या आत काय ते कळवा. ती कळवेना. रात्रंदिवस जीभ माझ्या खाचेवरून फिरत राहिली.

तेव्हा आली नणंद. वरच्या मजल्यावर राहते. येताना हसत येते आणि ते हसू आधी जिन्यात दिसतं, कारण तिने समोरच्या सगळ्या दातांना पोर्सेलीनची व्हिनिअर बसवून घेतली आहेत. व्हिनिअर म्हणजे दातावर चिकटवायचं पातळ कवच. नखाएवढं पातळ.

"वहिनी, अगं एवढ्याशा खाचेसाठी शाळा सोडतेस? माझ्या डॉक्टरकडे चल. पोर्सेलीन कर. डाग नाही, काही नाही, चकाचक!"

"शोभेल का मला?"

"शोभेल का म्हणे! मला शोभलं तर तुला का नाही?"

गेल्या दोघी. डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी आधी नमुन्याच्या दातांची एक पट्टी काढली आणि माझ्याशेजारी धरून रंग जुळवायला लागल्या. ते नमुने म्हणजे जन्मात काही न चावलेले लोक. माझ्याकडे असे बघत होते की नको वाटलं.

"दोन रस्ते आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पोर्सेलीन दिसायला सुरेख, चहाचे डाग धरत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. पण ते बसवायला दात पुढून थोडा घासावा लागतो. घासलेलं परत येत नाही. मग त्या दातावर कायम काहीतरी चढवलेलं ठेवावंच लागतं. दुसरं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं मिश्रण. ते मी इथेच बसून थराथराने लावते, घासावं जवळपास लागत नाही. पण ते हळूहळू पिवळं पडतं, कोपरा उडू शकतो. उडाला तर पुन्हा लावता येतो."

मी 'घासावा लागतो' या शब्दांपाशीच थांबलो होतो. पुढचं मला जिभेने सांगितलं.

"पोर्सेलीनच," नणंद म्हणाली. मालकिणीनेही मान हलवली.

"एक विचारते," डॉक्टर म्हणाल्या. "दातांनी काही तोडायची सवय? नखं, बाटलीचं झाकण, दोरा वगैरे? तसं असेल तर पोर्सेलीनला तडा जाऊ शकतो, आणि एकदा तडा गेला की ते सांधता येत नाही, पूर्ण नवंच करावं लागतं."

"छे छे," मालकीण म्हणाली. आणि गळ्यातली कात्री उचलून दाखवली. "ही काय, सतत जवळ असते."

अहो, काय म्हणावं! खोटं बोलत नव्हती ती, हीच तर गंमत. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मी आतून तडफडत होतो. माझ्या टोकाला अख्खी खाच आहे, ती काय उंदराने पाडली? पण बोलायचं जिभेने, आणि जीभ मालकिणीच्या बाजूची.

सुदैवाने डॉक्टर घाई करणाऱ्यातल्या नव्हत्या. "आत्ता मी वरून नुसतं तात्पुरतं कवच लावते," त्या म्हणाल्या. "दाताला हात लावत नाही. आठवडाभर वापरा, स्वतःला आरशात बघा. आवडलं तर पुढच्या खेपेला घासू."

त्या आठवड्यात माझी झोप उडाली. वरून गोरागोमटा झालो होतो, खाच झाकली गेली होती. मालकीण आरशासमोर हात खाली ठेवून हसून बघायची. तिचं ते हसू बघून मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्याच क्षणी घासायचं यंत्र आठवायचं. तिला दोन्ही हात मोकळे मिळावेत असं मलाही वाटत होतं. फक्त त्यापायी माझी साल निघू नये, एवढंच. दोन्ही कसं जमायचं ते काही सुचत नव्हतं, आणि सुचून तरी कुणाला सांगणार होतो?

आठवडा संपायच्या आत ते घडलं. दुपारची वेळ होती. मालकीण एका कोटाचं अस्तर हाताने टाचत होती आणि नणंद समोर बसून बटणं निवडून देत होती. गाठ मारली, मान खाली गेली, कट्. आणि त्यामागोमाग टक्.

"अगं बाई!" मालकिणीने अस्तरावरून पांढरा तुकडा उचलला. "हे कसं निघालं? काही खाल्लंसुद्धा नाही मी!"

नणंद तिच्याकडे बघतच राहिली. "वहिनी, तू आत्ता दोरा दाताने तोडलास."

"कात्रीने तोडला."

"कात्री कुठाय मग?"

मालकिणीने खाली पाहिलं. कात्री गळ्यात होती, मिटलेली. "नेहमी कात्रीनेच तोडते मी," ती म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता.

"बरं. तोड पुन्हा."

मालकिणीने दुसरा टाका घातला, बोलता बोलता गाठ मारली आणि पुन्हा मान खाली गेली. दोरा माझ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. तिचे डोळे एवढे मोठे झाले असणार. नणंद पोट धरून हसायला लागली आणि मालकीणही हसली, लगेच हात आला, आणि हाताआडून म्हणाली, "आत्यासारखं! अगदी आत्यासारखं गं!"

हसू ओसरल्यावर नणंद बटणं उगाच इकडची तिकडे करत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, माझं एक निघालं होतं मागे. कडक पाव खाताना. आरशात पाहिलं तर कवचाच्या आतला दात असा खरबरीत, सोलल्यासारखा. मी बाथरूममध्ये बसून रडले. डॉक्टरांनी बसवून दिलं परत, तसं काही बिघडलं नाही. माझे मूळचेच दात डागाळलेले होते, मला ते करायलाच हवं होतं. पण आता माघार नाही, हे तेव्हा कळलं."

"मग मला का कर, कर म्हणत होतीस?"

"घरात अशी मी एकटीच नको, असं वाटलं," नणंद म्हणाली.

मालकिणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तोच हात, तोंडावरचा. त्या वेळी मला त्याचा राग आला नाही.

पुढच्या खेपेला तिने डॉक्टरांना सरळ सांगितलं. "मी दाताने दोरा तोडते. मला माहीत नव्हतं."

डॉक्टर हसल्या. "सुटेल सवय?"

"कळल्यावर सुटायला हवी. पण माझा भरवसा नाही."

"मग मोडलं तरी दुरुस्त होईल असंच लावू."

आणि कॉम्पोझिट लागलं. यंत्र नाही, घासणं नाही. थरावर थर, प्रत्येक थर कडक करायला निळा उजेड, शेवटी थोडी कड सारखी केली. मी जसाच्या तसा आत होतो. मालकिणीने घरी जायच्या आधीच शाळेत फोन केला, "येते मी."

पहिला तास. वर्ग भरलेला. मालकीण उभी राहिली, बोलायला लागली आणि दोन्ही हात पुढे. एका हातात कापड, दुसऱ्यात सुई. बऱ्याच काळाने मी एवढा उजेड पाहिला. ती टाका कसा लपवायचा ते सांगत होती, मुली पुढे वाकून बघत होत्या, आणि मागची ती मुलगीही गप्प बसून ऐकत होती. मालकीण बोलण्यात इतकी रंगली की बस. रंगली, टाका संपला, गाठ मारली...

नको, मी म्हणत होतो. कात्री! अगं, कात्री!

कट्. टक्.

कोपरा उडून पहिल्या बाकावर पडला. खाच पुन्हा उघडी, आणि सगळ्या नजरा माझ्यावर. मी डोळे मिटून घेतले असते, असते तर. आता हात येणार, मी म्हटलं. आता पुन्हा अंधार.

मी वाट बघत राहिलो. हात आला नाही. एका हातात कापड तसंच होतं, दुसऱ्या हातात सुई तशीच होती.

"बघितलंत?" मालकीण म्हणाली. "एवढ्यासाठी कात्री वापरायची. ही खोड मला माझ्या आत्याकडून लागली, तुम्ही माझ्याकडून लावून घेऊ नका." आधी एक मुलगी फिस्सकन हसली, मग सगळा वर्ग हसला, आणि मालकीणही हसली. तोंड भरून, खाचेसकट. मग तिने गळ्यातली कात्री धरली आणि पुढचा टाका सुरू केला.

आत्ता आम्ही डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बसलोय. उडालेला कोपरा पुन्हा लावायचाय, फार वेळाचं काम नाही. नणंद सोबत आली आहे आणि मालकीण तिला वर्गातली गंमत तिसऱ्यांदा सांगते आहे. समोर बसलेली अनोळखी माणसंही हसताहेत. मला अजून स्वस्थता नाही. माझा स्वभावच तो. खाच झाकली जाईल, पुन्हा उडेल, पुन्हा लावतील. चालेल. मी आत आहे तसा आहे.

मालकीणबाई, तुझ्याकडे एकच मागणं आहे. तोंडाशी दोरा आणलास तरी चालेल. हात तेवढा आणू नकोस.