पालथे ग्लास

"मॅम, पहले तिलक," म्हणत केअर होमच्या मॅनेजर मिसेस भल्लांनी तबक पुढे केलं आणि अलकनंदाने नाइलाजाने मान खाली घातली. गळ्यात झेंडूची माळ पडली, हातात काजू कतलीची बशी आली. समोरच्या सोफ्यांवर चौदा म्हातारी माणसं ओळीने बसवलेली होती. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे मरून स्वेटर होते, एकेकावर दुकानातल्या घडीच्या रेषासुद्धा तशाच होत्या. मिसेस भल्लांनी बोटाने खूण केली तशा टाळ्या सुरू झाल्या. एका आजोबांचे हात उचलेनात. मागे उभ्या असलेल्या मुलीने त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि त्यांच्याकडून टाळी वाजवून घेतली. अलकनंदाने बशी तशीच बाजूच्या टेबलावर ठेवून दिली.

या घराच्या नावात 'गोल्डन' हा शब्द होता, जसा तो अशा बहुतेक घरांच्या नावात असतो. नोएडाच्या एका बऱ्यापैकी सेक्टरात, दारात दोन कुंड्या, आत पाण्याचं कारंजं, आणि कारंज्याच्या वर भिंतीवर काचेत मढवलेलं प्रमाणपत्र होतं. साडेचार स्टार. खाली सही अलकनंदाचीच. सरकारी हॉस्पिटलात अडतीस वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर एका कंपनीने तिला हे काम दिलं होतं. वृद्धांच्या केअर होममध्ये जायचं, ब्याण्णव प्रश्नांचा फॉर्म भरायचा, स्टार द्यायचे. ते स्टार मग इंटरनेटवर दिसायचे आणि परदेशातली मुलं ते बघून आईबापांची सोय लावायची. निवृत्तीनंतरही आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, असं अलकनंदाला वाटायचं. दोनदा ती इथे येऊन गेली होती. दोन्ही वेळा स्टार देताना तिचा हात सढळ होता, हे मात्र खरं.

आज मात्र दारातून आत आल्यापासून तिचं नाक काही तरी शोधत होतं. पंचवीस-तीस माणसं जिथे खातात, झोपतात, अंथरुणात आजारी पडतात, तिथे थोडा तरी वास हवा. औषधाचा, वरणाचा, निदान माणसांचा. इथे नुसता मोगरा. बाटलीतला मोगरा इतका फवारला होता की घशाशी येत होता.

"आज मी वर जाणार आहे," ती हिंदीत म्हणाली.

"ऊपर कुछ नहीं है मॅम, बेडवाले पेशंट हैं, आराम कर रहे हैं. और लिफ्ट का तो आपको पता ही है."

पता होतंच. मागच्या दोन्ही वेळा लिफ्ट बंद होती. तेव्हा गुडघा असा ठणकायचा की जिन्याचं नाव काढलं तरी नको वाटायचं. मिसेस भल्लांनी वरच्या मजल्याचे फोटो मोबाइलवर दाखवले होते आणि अलकनंदाने ते बघून रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या होत्या. सप्टेंबरात तिने गुडघा बदलून घेतला. आता सबब उरली नव्हती. मिसेस भल्लांचा फोन वाजला, तेवढ्यात ती जिना चढूनही गेली.

वर लांबच लांब खोलीत बारा खाटा. पांढऱ्या शुभ्र चादरी, भिजवून विंचरलेले केस, तेच मरून स्वेटर. जानेवारीतलं धुकं खिडक्यांना चिकटलेलं होतं. प्रत्येक खाटेजवळ स्टीलची पाण्याची बाटली, शेजारी पालथा ग्लास. 'रहिवाशांना पिण्याचे पाणी हाताशी उपलब्ध आहे का?' हा प्रश्न एक्केचाळिसावा. हात सवयीने पर्समधल्या पेनकडे गेला आणि थांबला. साडेअकरा वाजले होते. तिने पहिली बाटली उचलून पाहिली. गळ्यापर्यंत भरलेली. दुसरी, तिसरी, सहावी, तशाच. ग्लास सगळे कोरडे ठणठणीत. एकाच्या तळाला किमतीचं लेबल अजून चिकटलेलं होतं. बारा माणसं, सकाळचा चहा-नाश्ता झालेला, आणि घोटभर पाणी कुणी प्यायलेलं नाही. अशी बाब नवशिक्या नर्सच्याही नजरेतून सुटत नाही. तिच्या सुटली होती, कारण फोटोत बाटली भरली आहे की नाही हे दिसत नाही.

तिने जवळच्या आजींना जीभ दाखवायला सांगितली. जीभ कोरडी, भेगाळलेली, वर पांढरा थर.

"पाणी घेता?" तिने हिंदीत विचारलं. आजींनी घाईघाईने मान हलवली. नको. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनीही नकोच म्हटलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"त्यांना कशाला विचारता," खिडकीजवळच्या खाटेवरून कुणी तरी मराठीत म्हणालं. "तुम्ही यतीनच्या आई ना? लक्ष्मीबाई नगरच्या?"

अलकनंदा वळली. केस पार पिकलेले, गालांची हाडं वर आलेली, पण बोलताना हनुवटी तशीच उचललेली. पहाडगंजच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या सुनीतीबाई. अख्खा वर्ग त्यांना चळाचळा कापायचा.

"बाई, तुम्ही इथे कधीपासून?"

"दहा महिने होतील. खुब्याचं हाड मोडलं, मग कोण बघणार. माझा भाचा नचिकेत टोरांटोत असतो. त्याने तुमचे स्टार बघितले आणि इथे ठेवलं." त्यात टोमणा नव्हता. हजेरी घ्यावी तसं त्यांनी सांगितलं. "मागच्या वेळी तुमचा आवाज ऐकला मी खालून. म्हटलं, ओळखीचा वाटतो. पण तुम्ही वर आला नाहीत."

अलकनंदा खाटेच्या कडेवर बसली. तिला आठवलं ते भलतंच. यतीन तिसरीत असताना एकदा वर्गातच त्याची चड्डी ओली झाली होती. पोरगं संध्याकाळी घरी आलं ते बाईंची शाल लुंगीसारखी गुंडाळून, हातात धुऊन वाळवलेली चड्डी घेऊन. बाईंनी सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, माझ्याकडूनच याच्या अंगावर शाई सांडली. यतीन आज चाळिशीचा आहे आणि अजून त्याच्या वर्गमित्रांना ती शाईच ठाऊक आहे.

"बाई, पाणी का पीत नाही कुणी?"

सुनीतीबाईंनी दाराकडे पाहिलं. "तुम्ही येणार असलात की आदल्या दिवशी दुपारपासून पाणी बंद. चहासुद्धा अर्धा कप. चादरी नव्या असतात ना. पहाटे चारला उठवून आंघोळी घालतात. गरम पाणी पहिल्या पाच-सहा जणांना पुरतं, मग गार. मग डायपर बांधतात, तो तुमची गाडी गेल्यावर सोडतात. मधे ओला झाला तर तसंच पडून राहायचं. मग माणसं आपणच पीत नाहीत."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी बरं असतं," बाई म्हणाल्या. "मळक्या चादरी असतात, पण इथली आया, फूलमनी, पाणी देते बिचारी. खरं सांगू का, तुम्ही येऊ नका. राग मानू नका. तुम्ही येणार म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो."

अलकनंदाला स्वतःचीच शिसारी आली. भल्लाबाईंची आली होती त्याहून जास्त आली. दर सहा महिन्यांनी ही नीटनेटकी साडी नेसून, पर्स सावरत ती इथे यायची, आणि ती यायची म्हणून बारा माणसं तहानेने जीभ वाळवून पडायची. वर काजू कतली खाऊन ती घरी जायची. गळ्यातली माळ तिने काढून खाटेखाली टाकली.

"चला, आधी तुम्हाला बाथरूमला नेते."

बाथरूमला कुलूप होतं. कोपऱ्यात उभी असलेली फूलमनी हात चोळत म्हणाली, "चाबी भल्ला मैडम के पास है आंटी. आज साफ रखना है." तिचा मरून स्वेटरही आजच मिळालेला दिसत होता.

"जा, घेऊन ये."

चावी घेऊन मिसेस भल्ला स्वतःच आल्या, धापा टाकत. कुलूप उघडलं. आत फरशी चकाकत होती. साबण वेष्टनातला, टॉवेल पिशवीतला, कमोडवर प्लॅस्टिकचं आवरण. बघायला कुणी येईपर्यंत कुणी वापरू नये म्हणून राखून ठेवलेला संडास. अलकनंदाने ते आवरण ओढून फाडलं.

"मॅम, आप रहने दीजिए, ये आपका काम थोड़े ही है."

"अड़तीस साल यही काम किया है," अलकनंदा म्हणाली. "बीच में भूल गई थी."

तिने पदर खोचला, एक हात बाईंच्या पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घातला. बाईंचं वजन काहीच उरलं नव्हतं. डायपर सोडला तेव्हा वास आला. पहाटे चारपासूनचा, कोंडलेला, आंबलेला. जांघेत कातडी सोलवटून लाल झाली होती. बाईंनी डोळे मिटून घेतले. अलकनंदाने गीझर लावला, कोमट पाण्याने त्यांना स्वच्छ केलं, हळूहळू टिपून कोरडं केलं. सकाळपासून या घरात आलेला पहिला खरा वास तिच्या हातांना लागला होता, आणि त्याची तिला किळस वाटली नाही.

बाईंना खाटेवर आणलं तेव्हा मिसेस भल्ला तिथेच उभ्या होत्या. "इन्होंने कुछ कहा क्या, मॅम?" त्यांनी गोड आवाजात विचारलं. "इनको आजकल भूलने की बीमारी है."

सुनीतीबाईंनी अलकनंदाचं मनगट घट्ट धरलं. ती पकड मोठी बोलकी होती. आज तुम्ही लिहून जाल, उद्या मला इथेच राहायचं आहे.

"हमारी तो पुरानी पहचान निकली," अलकनंदा म्हणाली. "मेरे बेटे की टीचर हैं. स्कूल की बातें हो रही थीं."

मग तिने फॉर्म मांडीवर घेतला. ब्याण्णव प्रश्नांपैकी एकाही रकान्यात खूण न करता तिने शेवटच्या पानावर लिहिलं. 'या संस्थेचे मागचे दोन्ही अहवाल मी वरचा मजला न पाहता दिले. चूक माझी आहे. दोन्ही अहवाल रद्द करून स्टार काढावेत. आज मी स्वतः वर गेले. बाटल्या भरलेल्या, ग्लास कोरडे. संडासाला कुलूप. पुढची पाहणी न कळवता करावी, आणि ती दुसऱ्या कुणी करावी.' रहिवाशांपैकी कुणाचं नाव तिने घातलं नाही. खाली सही करून तिने पानाचा फोटो मिसेस भल्लांच्या देखत कंपनीला पाठवला. मिसेस भल्लांना लांबून मजकूर वाचता येत नव्हता, पण चेहरा वाचता येत होता. त्या फोन कानाला लावत तरातरा खाली गेल्या. आपलं हे काम आता गेलं, हे अलकनंदाला समजलं. फार वाईट वाटलं नाही.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरला तिने फोनवर सांगितलं, तू जा, मी मेट्रोने येईन.

मग तिने बाईंच्या शेजारचा ग्लास सुलटा केला, तळाचं किमतीचं लेबल खरवडून काढलं, विसळला आणि बाटलीचं झाकण उघडलं. "बाई, आता प्या पोटभर."

सुनीतीबाईंचे डोळे पाण्यावर खिळले होते. ओठांवरून जीभ फिरली. तरी त्यांनी हात पुढे केला नाही.

"तुम्ही किती वाजेपर्यंत आहात?"

"आहे की. पाचपर्यंत तरी आहे. उद्याही येईन, ओळखीची म्हणून भेटायला कोण अडवतंय."

"उद्याचं उद्या," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत तासांचा हिशेब केला. मग ग्लास जवळ ओढला आणि पूर्वी वहीत चुकलेल्या ओळीवर ठेवायच्या तसं तर्जनीचं टोक काचेवर ठेवलं, अर्ध्याच्या थोडं खाली.

"पाचपर्यंत ना? मग इथपर्यंत द्या."

अलकनंदाने बाटली कलती केली आणि बोटापर्यंत पाणी ओतलं.